माहेरच्या घरासाठी ४३ इंची स्मार्ट टीव्ही, बजेट २५ हजार, मदत हवीय

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. कराडला माहेरी टीव्ही बंद पडलाय. ३२ इंची साधा एलईडी होता, नऊ वर्षं चालला. परवा रात्री आवाज येत होता पण चित्र गायब, पडदा काळा ठिक्कर. दादा म्हणतो आता नवीनच घेऊ, निम्मे पैसे मी घालणार, एकूण २५ हजार, फार तर हजारभर वर. घरात आई (मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय), बाबा (वय ७४, ऐकायला कमी येतं पण कानात मशीन घालायला तयार नाहीत), दादा-वहिनी आणि दोन भाचे, एक चौथीत, एक बालवाडीत. आई-बाबांना केबलवरच्या मालिका, बातम्या आणि सकाळी यूट्यूबवर कीर्तन, दादाला क्रिकेट, पोरांना कार्टून. फायबरचं नेट आहे ३० एमबीपीएसचं. मी पुण्यात असते त्यामुळे काही बिघडलं तर मी तिथे नसणार, हे सगळ्यात महत्त्वाचं. चार दिवस साइट्स बघतेय, क्यूएलईडी, डॉल्बी, एचडीआर, १२० हर्ट्झ, वाचून वाचून डोकं बधिर झालंय. घरातल्या माणसांचा विचार करून काय बघायचं ते कुणी सांगेल का?

गोदाकाठ

आधी दोन प्रश्न. बसतात किती लांब? आणि टीव्ही ठेवणार कुठे, भिंतीवर की टेबलावर? हे कळल्याशिवाय ४३ की ३२ ह्यावर बोलण्यात अर्थ नाही.

तिकटीवरचा

ताई, मी कोल्हापूरला टीव्ही दुरुस्ती करतो, पंधरा वर्षं झाली. नवीन घ्या पण त्याआधी एक करून बघा. जुना टीव्ही चालू करा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलची टॉर्च पडद्याला अगदी चिकटवून तिरकी मारा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल (म्हणजे खुद्द पडदा) चांगलं आहे, फक्त मागच्या एलईडी पट्ट्या गेल्यात. आवाज आहे आणि चित्र नाही ह्यात बहुतेक वेळा हेच निघतं. पट्ट्या बदलून मिळतात, नवीन टीव्हीच्या मानाने खर्च किरकोळ. पॅनेलच फुटलेलं किंवा उभ्या रेघा आलेल्या असतील तर मात्र त्यात पैसे घालू नका, पॅनेलची किंमत जवळपास टीव्हीएवढीच असते.

कृष्णाकाठची

@तिकटीवरचा दादाला फोन करून लगेच करायला लावलं. दिसतंय चित्र! पुसट आहे पण बाई बातम्या वाचताना दिसतेय. म्हणजे जुना दुरुस्त होईल. तरी नवीन घ्यायचाच आहे कारण आईला ३२ वरच्या बातम्यांच्या खालच्या पट्टीची अक्षरं दिसत नाहीत, ती उठून जवळ जाऊन वाचते.

@गोदाकाठ सोफ्यापासून भिंत साधारण ८ फूट. बाबांची खुर्ची खिडकीपाशी आहे, ती बरीच बाजूला येते. टीव्ही शोकेसच्या खणात असतो, बाबांनी १९९४ ला सुताराकडून करून घेतलेलं सागवानी शोकेस. त्यात आधी मोठा डब्बा टीव्ही होता. ते शोकेस काढायचं नाही असं बाबांनी आत्ताच सांगून ठेवलंय.

गोदाकाठ

खणाची रुंदी मोजा. आत्ताच मोजा, ऑर्डर टाकल्यावर नको. इंच म्हणतात ते तिरकं माप असतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ४३ इंची टीव्ही आडवा साधारण ९६ सेमी भरतो, म्हणजे जवळपास ३८ इंच. ३२ वाला ७२ सेमीच्या आसपास. वर दोन्ही बाजूंना हवा खेळायला चार बोटं तरी जागा हवी, आणि हल्लीच्या टीव्हीचे पाय मधे नसतात, दोन टोकांना असतात, त्यामुळे छोट्या टेबलावर पण बसत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी ५० इंची आणला आणि पाय टीपॉयच्या बाहेर लोंबकळायला लागले, शेवटी सुतार बोलवावा लागला.

८ फुटांवरून ४३ छान दिसेल. ३२ लहान पडेल, आईंचं म्हणताय त्यावरून तर नक्कीच. ५० बजेटमधे ओढूनताणून बसवण्यापेक्षा चांगला ४३ घ्यावा ह्या मताचा मी आहे.

कृष्णाकाठची

खण ३६ इंच :( म्हणजे ४३ जाणार नाही.

अनघा_ठाणे

मग भिंत. पण कुठली भिंत ते नीट ठरव. खिडकीच्या समोर लावलास तर दुपारी पडद्यात खिडकीच दिसेल. आम्ही तीच चूक केली, मग जाड पडदे लावून बसावं लागायचं, भर उन्हाळ्यात. खिडकी टीव्हीच्या बाजूच्या भिंतीत येईल अशी जागा बघ. आणि फार वर लावू नका, हॉटेलमधे असतो तसा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर येतात, पडद्याचा मध्य तिथेच किंवा वीतभर वर. वयस्कर माणसांची मान दुखते दोन तास वर बघून.

माडाखाली

सिस्टिमचं कोणी बोललं नाही अजून. मी सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा. बाजारात साधारण ह्या आहेत: गुगल टीव्ही (बऱ्याच कंपन्या हीच वापरतात, जुन्या मॉडेलवर ॲन्ड्रॉइड टीव्ही असं लिहिलेलं असतं), सॅमसंगची टायझेन, एलजीची वेबओएस, ॲमेझॉनची फायर टीव्ही, हायसेन्सची विडा. यूट्यूब, जिओहॉटस्टार, झी५, सोनी लिव्ह, प्राइम, नेटफ्लिक्स ही नेहमीची ॲप ह्या सगळ्यांवर मिळतात. स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर, त्यामुळे घरात कोण काय बघतं त्यावरून सबस्क्रिप्शनचा हिशोब वेगळा लिहून काढा, तो खर्च दरवर्षीचा आहे आणि टीव्हीच्या बजेटमधे कोणीच धरत नाही.

एकच गोष्ट टाळा. नुसतं "ॲन्ड्रॉइड" लिहिलेले, गुगलची मान्यता नसलेले टीव्ही येतात, त्यात प्ले स्टोअर खरं नसतं, नेटफ्लिक्स चालत नाही नाहीतर धुरकट चालतं, आणि अपडेट कधीच येत नाही. ३२ इंची सहा-सात हजारात म्हणून जे गल्लीतल्या दुकानात मिळतात त्यात हे जास्त. मागच्या लेबलवर बीआयएसचा (सरकारी मानक ब्युरोचा) R ने सुरू होणारा नंबर आहे का बघा, नसेल तर घेऊच नका.

कृष्णाकाठची

@माडाखाली खूप धन्यवाद, हे कुठेच एवढं सरळ लिहिलेलं नव्हतं. रॅम किती हवी? २५ हजारात २ जीबी रॅम-१६ जीबी साठवणीची जागा दिसतंय, काही १.५-८ पण आहेत, दीड हजाराचा फरक.

माडाखाली

२ आणि १६ घ्या, दीड हजार वाचवू नका. फोनसारखं नाही, टीव्ही आपण सात-आठ वर्षं वापरतो आणि ॲप मात्र दरवर्षी जड होत जातात. १ जीबीवाले पहिल्या दिवशी दुकानात बरे चालतात, दीड वर्षाने यूट्यूब उघडायला अर्धा मिनिट. ८ जीबी म्हणतात त्यातली निम्मी जागा सिस्टिमच खाते. तरी समजा पुढे हळू झालाच तर टीव्ही टाकायचा नाही, चांगली स्टिक (साध्या टीव्हीला स्मार्ट करणारं छोटं यंत्र) मागच्या एचडीएमआयच्या भोकाला लावायची, पडदा तोच राहतो. म्हणून पैसे आधी पडद्याला आणि आवाजाला द्या, त्या दोन गोष्टी नंतर बदलता येत नाहीत (आवाजाला साउंडबार लावता येतो म्हणा, पण तो परत खर्च).

वायफाय ५ गिगाहर्ट्झचं घेतो का तेही बघा, स्वस्त मॉडेल फक्त २.४ घेतात. राउटर त्याच खोलीत असेल तर सरळ राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर टाका, सगळ्यात निर्धास्त. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस मागतं, फुल एचडीला ५, म्हणजे तुमचं ३० चं कनेक्शन पुरे आहे.

मेळघाट_वारा

ताई माह्या घरचा अनुभव सांगतो. अमरावतीले बाबांसाठी ४३ इंची ४के आणला, मोठ्या हौसेनं, आन् पहिल्याच दिवशी बाबा म्हणे जुना चांगला होता, हा फाटका दिसते. काहून? तर केबलचा डब्बा साधा, चॅनेल एसडी, म्हणजे साधे, एचडी नाही. एसडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असते, अन् ४के पडद्यावर ३८४० बाय २१६० ठिपके. एवढंसं चित्र ताणून ताणून भरते टीव्ही, मंग माणसाचं तोंड पुसल्यासारखं दिसते. ३२ च्या पडद्यावर ते खपून जाते, ४३ वर नाही खपत. केबलवाल्याले सांगून एचडी डब्बा घेतला, वायर पिवळी-लाल-पांढरी काढून एचडीएमआय लावली, मराठी चॅनेल एचडी चालू केले, तवा कुठं बाबा खूश. तुमचे आई-बाबा दिवसाचे पाच तास केबल पाहत असतील तर सगळ्यात आधी हे करा, बाकी क्यूएलईडी-बिएलईडी मागून.

कृष्णाकाठची

बापरे, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. आमच्याकडे तीच पिवळी-लाल-पांढरी वायर आहे. उद्याच केबलवाल्याशी बोलायला सांगते दादाला.

अनघा_ठाणे

@मेळघाट_वारा +१, अगदी हाच अनुभव आमचा. आणि वायर बदलल्यावर टीव्हीच्या सेटिंगमधे चित्राचा आकार १६:९ वर आहे ना बघ, नाहीतर माणसं बुटकी-जाड दिसतात आणि घरातले तसंच वर्षानुवर्षं बघत बसतात.

पेन्शनर_काका

मी ७१ वर्षांचा आहे, म्हणून तुझ्या बाबांच्या बाजूने लिहितो. तुम्ही मुलं टीव्हीचं चित्र बघून टीव्ही घेता. आम्हाला अडतं ते आवाजाला आणि रिमोटला.

आवाजाचं असं की वय झाल्यावर आवाज नुसता कमी ऐकू येत नाही, शब्द फुटून ऐकू येतात. व्हॉल्यूम वाढवला की पार्श्वसंगीत वाढतं आणि बोलणं तसंच राहतं, मग घरातले म्हणतात किती मोठ्याने लावलाय. टीव्ही इतके पातळ झालेत की स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात. २० वॅट, २४ वॅट लिहिलेलं असतं त्यावरून काहीच कळत नाही, दुकानात बातम्या लावून व्हॉल्यूम १५-२० वर ठेवून आठ फुटांवर उभं राहून ऐक. साउंडच्या सेटिंगमधे स्पीच, डायलॉग, क्लिअर व्हॉइस असं काहीतरी असतं, ते लावून परत ऐक. माझ्या टीव्हीत त्याने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच पडला नाही. पुढेमागे साउंडबार घ्यायचा झाला तर एचडीएमआयच्या एका भोकावर एआरसी लिहिलेलं असलं पाहिजे, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने त्याचा आवाज कमीजास्त होतो, तिसरा रिमोट नको.

रिमोटचं तर विचारू नकोस बेटा. स्मार्ट टीव्ही लावला की समोर जाहिरातींचं पान येतं. आम्हाला पाहिजे असतात सातच्या बातम्या. मग ते पान, त्यातून खाली जा, इनपुट शोध, एचडीएमआय १ निवड, मग केबलचा रिमोट उचल. माझी पत्नी दोन महिने एकटी असताना टीव्ही लावायचीच नाही, कुठेतरी भलतंच बटण दाबलं जाईल म्हणून. मला हे तिने सांगितलं नाही, मला ते माझं मला कळलं. नंतर नातीने सेटिंगमधे शोधून टीव्ही सुरू झाल्यावर शेवटचं इनपुटच लागेल असं करून दिलं. ही सोय सगळ्या टीव्हीत नसते. घेण्याआधी दुकानदाराला विचार, विचारू नकोस, करूनच बघ: केबलवर ठेव, मेन स्विच बंद कर, चालू कर, काय येतं बघ.

कृष्णाकाठची

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईचं पण असंच होईल, ती सांगणार नाही. हे नक्की बघणार, यादीत पहिलं लिहिलंय.

सायली_म

घरात लहान मुलं आहेत म्हणून लिहिते. पहिलं म्हणजे बॉल. पडदा फुटला तर वॉरंटीत बसत नाही, कुठल्याच कंपनीत नाही. ४३ साठी ॲक्रिलिकचं पारदर्शक कव्हर मिळतं, थोडी चमक मारतं पण मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत आम्ही ठेवलं. दुसरं, यूट्यूब. गुगल टीव्हीत मुलांचं वेगळं प्रोफाइल होतं, त्यात कुठली ॲप दिसावीत आणि रोज किती वेळ ते ठरवता येतं, पिन मात्र मुलांसमोर टाकू नका, चौथीतलं पोर एकदा बघून लक्षात ठेवतं. आमचा लेक आजीच्या अकाउंटवर कार्टून बघायचा आणि आजीला कीर्तनाऐवजी खेळण्यांचे व्हिडिओ यायला लागले, ती बिचारी रोज खाली खाली शोधत बसायची. आजीचं वेगळं, मुलांचं वेगळं अकाउंट पहिल्याच दिवशी करून द्या.

कृष्णाकाठची

@सायली_म हो गं, करते. पुण्याहून जातानाच दोन्ही अकाउंट फोनवर तयार करून नेते.

तिकटीवरचा

आता पडद्याचं बोलतो. ताई तुमच्या बाबांची खुर्ची बाजूला आहे म्हणालात, तर आयपीएस जातीचं पॅनेल बघा. दोन जाती चालतात, आयपीएस आणि व्हीए. व्हीएमधे काळा रंग खरा काळा दिसतो, अंधारात पिक्चर बघायला भारी, पण बाजूने बघितलं की रंग धुतल्यासारखे फिके. आयपीएस बाजूने पण तसंच दिसतं, फक्त अंधारात काळा थोडा राखाडी वाटतो. बॉक्सवर हे लिहिलेलं नसतं बऱ्याचदा, आणि एकाच मॉडेलमधे दोन्ही पॅनेल येतात असंही मी उघडून पाहिलंय. म्हणून दुकानात बाजूला उभं राहूनच बघायचं.

दुकानातला टीव्ही मुद्दाम भडक मोडवर ठेवलेला असतो. सेटिंगमधे जाऊन स्टँडर्ड करायला सांगा, मग दोन टीव्ही शेजारी ठेवून तुलना करा. क्यूएलईडी म्हणजे पडद्याच्या मागे रंग उजळणारा एक थर असतो, रंग बरे दिसतात, पण ह्या किमतीत उजेडच कमी असतो त्यामुळे एचडीआर (उजेड आणि अंधार जास्त खुलवून दाखवणं) लिहिलेल्याला फारसा अर्थ नाही. १२० हर्ट्झ (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते) लिहिलंय तिथे विचारा पॅनेल ६० चं आहे का, ह्या बजेटात बहुतेक ६० चंच असतं आणि क्रिकेटला ते चालतं.

आणि घरी आल्यावर बॅकलाइट (पडद्यामागच्या पट्ट्यांचा उजेड) १०० वर ठेवू नका. माझ्याकडे येणाऱ्या काळ्या पडद्यांपैकी कितीतरी टीव्ही पहिल्या दिवसापासून फुल उजेडावर चाललेले असतात, पट्ट्या तापून जातात. ६०-७० ला ठेवा, डोळ्यालाही बरं.

गोदाकाठ

@तिकटीवरचा स्टॅबिलायझर लावावा का? आमच्याकडे ह्यावर घरात दोन पक्ष आहेत.

तिकटीवरचा

टीव्हीच्या मागे लेबल बघा, १००-२४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. म्हणजे कमी व्होल्टेजला टीव्ही सहसा जात नाही. जातो तो जास्त व्होल्टेजला. लाइट गेली आणि परत येताना जो झटका येतो तो, आणि त्याहून वाईट म्हणजे पोलावरचा न्यूट्रल तुटतो तेव्हा. घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळ जाऊ शकतं, एका गल्लीतले दहा-बारा टीव्ही, फ्रिज एकदम जळालेले मी बघितलेत. त्यासाठी जास्त व्होल्टेजला स्वतःहून बंद होणारा स्टॅबिलायझर चांगला, नुसती बटणांची एक्स्टेन्शन पट्टी म्हणजे संरक्षण नव्हे. अर्थिंग तपासून घ्या. केबलच्या वायरीतून सुद्धा करंट येतो, डब्बा हाताळताना झिणझिण्या आल्या तर केबलवाल्याला लगेच सांगा, त्याने एचडीएमआयचं भोक जळतं आणि ते जळालं की मेन बोर्डावर काम निघतं.

माडाखाली

आणि विजा! आमच्याकडे रत्नागिरीत मे अखेर आणि ऑक्टोबरला हमखास. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही, प्लग काढायचा, केबल किंवा डिशची वायर काढायची, लॅनची वायर पण. कराडला पण वळवाचा पाऊस असतोच. अजून एक, भिंतीवर लावल्यावर मागे पाल जाऊन बसते, ऊब असते म्हणून. बोर्डावर गेली की शॉर्ट. महिन्यातून एकदा मागे बघत जा.

अनघा_ठाणे

किमतीचं: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. म्हणजे मूळ २० हजाराचा टीव्ही आधी २५,६०० ला पडायचा तो २३,६०० ला. ३२ आणि त्याखालच्यांवर आधीपासूनच १८ होता. म्हणून जुन्या लेखांमधले किमतीचे आकडे धरू नकोस. आणि दुकानदार "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणाला तर अजिबात नाही, पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर.

कृष्णाकाठची

ऑनलाइन आणि कराडच्या दुकानात १८०० चा फरक दिसतोय. काय करू?

पेन्शनर_काका

फरक त्याच मॉडेलचा आहे ना, पूर्ण नंबर जुळवून बघ. एखादं अक्षर वेगळं असलं तरी रॅम, पॅनेल वेगळं असू शकतं. तुझी अडचण तू पहिल्याच पोस्टमधे लिहिलीस, तू तिथे नसणार. मग बाबा उठून जाऊन सांगू शकतील असं दुकान गावात असणं ह्याची किंमत १८०० पेक्षा जास्त आहे असं मला वाटतं.

तिकटीवरचा

दुकान असो की ऑनलाइन, घेण्याआधी कंपनीच्या टोल फ्रीला फोन करा, पिनकोड सांगा ४१५११०, आणि विचारा तुमचा माणूस कराडातच आहे का कोल्हापूर-साताऱ्याहून येणार, किती दिवसात येणार. जी कंपनी ह्याचं सरळ उत्तर देत नाही तिचा टीव्ही कितीही चांगला असला तरी तुमच्यासाठी नाही. मी सांगतोय कारण माझ्याकडे असे लोक येतात ज्यांचा टीव्ही वॉरंटीत आहे आणि कंपनीचा माणूस तीन आठवडे आला नाही.

गोदाकाठ

हे सोनं आहे. आणि आलाच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आमचं एकदा त्या फोनमुळे मार्गी लागलंय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विकणारा कुठलाही असो.

कृष्णाकाठची

मंडळी, शनिवारी कराडला जाऊन आले, लांबलचक लिहितेय, माफ करा.

चार कंपन्यांना फोन केले होते. दोघांचा माणूस कराडातच आहे, एकांचा साताऱ्याहून येतो म्हणाले, चौथ्यांनी फोनच तीन वेळा फिरवला, ते काढून टाकले. माणूस कराडातच असलेल्या त्या दोघांचे टीव्ही बघायला बाबांना आणि आईला सोबत घेऊन गेले. दादा म्हणत होता त्यांना कशाला त्रास, पण मी म्हटलं बघणारे तेच आहेत.

दुकानदार भला माणूस, स्टँडर्ड मोड करून दिला, खुर्च्या दिल्या. पेनड्राइव्हवर मी बाबांच्या वाढदिवसाचा फोनवरचा व्हिडिओ नेला होता, संध्याकाळचा, कमी उजेडातला. आपल्या घरातली माणसं त्या पडद्यावर बघितल्यावर लगेच कळतं रंग खरे आहेत का, आईचं लुगडं एकावर भलतंच केशरी दिसत होतं. बाजूला उभं राहून बघितलं, एक टीव्ही खरंच फिका पडत होता, तोच नेमका समोरून जास्त छान दिसत होता! बातम्या लावून व्हॉल्यूम १८ वर ठेवला. बाबांना विचारलं काय म्हणाली ती, तर एका टीव्हीवर त्यांनी पूर्ण वाक्य सांगितलं, दुसऱ्यावर "काहीतरी पावसाचं". स्पीच मोड लावल्यावर दुसऱ्यावरही थोडं सुधारलं पण पहिल्याएवढं नाही. मग मेन स्विच बंद-चालू, दोन्हीत आधी जाहिरातींचं पान आलं, पण पहिल्यात शेवटचं इनपुट लावायची सेटिंग सापडली. झालं, तोच घेतला. ४३ इंची, ४के, गुगल टीव्ही, २-१६, बाजूने नीट दिसणारा, २३,९९०, बिल बाबांच्या नावावर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तुमच्या गावात सर्व्हिस कुणाची चांगली ते तुम्हीच फोन करून बघायला पाहिजे.

उरलेल्या पैशात स्टॅबिलायझर घेतला, हजारभर वर गेलं. एचडी डब्बा आला. भिंत बदलली, खिडकी आता टीव्हीच्या बाजूला येते. शोकेस तसंच आहे, खणात आता आजी-आजोबांचा फोटो आणि भाच्याच्या ट्रॉफ्या.

मेळघाट_वारा

लय भारी ताई! आई-बाबाले सोबत नेलं हे सगळ्यात मस्त केलं.

पेन्शनर_काका

आईला रिमोट जमतोय का ते पंधरा दिवसांनी नक्की लिही. तिला विचारून नको, बघून लिही.

कृष्णाकाठची

काका, आज लिहिते, तीन आठवडे झाले. परवा मुद्दाम न सांगता गेले. दुपारी तीनला आई एकटी घरात होती आणि टीव्ही चालू होता, मालिका. मी आल्यावर तिने मालिका बंद केली, रिमोटचं माइकचं बटण दाबून मराठीत कीर्तनकारांचं नाव सांगितलं आणि यूट्यूबवर लागलं कीर्तन, मला दाखवायला म्हणून. टायपिंगला ती घाबरत होती, बोलायला नाही. रिमोटच्या चार बटणांवर वहिनीने नेलपॉलिशचे ठिपके लावून दिलेत, लाल म्हणजे चालू-बंद, गुलाबी म्हणजे केबल, असं. बाबांचा व्हॉल्यूम २० च्या आत असतो. आणि आई आता बातम्यांची पट्टी सोफ्यावर बसून मोठ्याने वाचते, बाबांना ऐकू जावी म्हणून.

@तिकटीवरचा जुना टीव्ही दुरुस्त झाला, पट्ट्याच होत्या, १४०० लागले. आमच्या शेजारच्या काकू एकट्या असतात, त्यांचा टीव्ही बंद होता, त्यांना दिला. त्यावर स्टिक लावू का, चालेल ना?

तिकटीवरचा

एचडीएमआय आहे ना, मग चालेल. स्टिकला टीव्हीच्या यूएसबीतून पॉवर देऊ नका, सोबत आलेला ॲडॉप्टरच वापरा, नाहीतर मधेच बंद पडते. आणि बॅकलाइट ६५ वर करून द्या काकूंना.

कृष्णाकाठची

दादाला सांगितलं, संध्याकाळी जाऊन करून देतोय.